बरं झालं बंद पडली म्हणे

आज मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत एक काका माझ्या पोराला म्हणाले, "काय रे, अजून ते गेम खेळतोस का? तुमची ती लीग बिग बंद पडली ना, बरं झालं, पोरं अभ्यासाला तरी लागली." काका बोलत होते ते ओपीएलबद्दल, इथल्या व्हिडिओ गेमच्या लीगबद्दल. पोरगा नुसता हसला आणि ताट घेऊन पुढे गेला. मी पण काही बोललो नाही, वयाने मोठा माणूस, सणाचा दिवस. घरी येऊन चार तास झाले तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे लिहितोय.

२०१७ ला आम्ही पुण्याहून मेलबर्नला आलो तेव्हा हा तेरा वर्षांचा होता. शाळेत मित्र नाही, घरात आमच्याशी बोलणं म्हणजे हो, नाही, भूक नाही. बस. वर्षभर. मग २०१८ च्या सप्टेंबरमध्ये इथे मेलबर्न एस्पोर्ट्स ओपन, म्हणजे व्हिडिओ गेमच्या मॅचेसचा मोठा मेळा, झालं, त्यात ओपीएलची फायनल होती, आणि बायको म्हणाली घेऊन जा एकदा. मी गेलो तो खरं तर चिडूनच गेलो होतो. टेनिसची ऑस्ट्रेलियन ओपन होते ना, त्याच आवारात. आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं मला काही कळेना, स्क्रीनवर नुसती रंगांची आतषबाजी, आणि तेवढ्यात हा बोलायला लागला. "बाबा, तो मोठा राक्षस दिसतोय ना, तो बॅरन, तो कोण मारतंय यावर अख्खी मॅच फिरते." आणि मग थांबलाच नाही. दोन-तीन तास सलग बोलत होता, मराठीत, हात हलवून हलवून. शेजारच्या अनोळखी पोराने टाळीसाठी हात पुढे केला आणि ह्याने दिली. वर्षभरात मी त्याला असं बघितलं नव्हतं हो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ओपीएल म्हणजे ओशियानिक प्रो लीग, लीग ऑफ लेजंड्स या गेमची ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची लीग. २०१३ पर्यंत इकडे स्वतःचा सर्व्हरसुद्धा नव्हता, पोरं अमेरिकेच्या सर्व्हरवर खेळायची, यांनी बटण दाबलेलं तिकडे पोचेपर्यंत समोरचा मारून मोकळा. मग सर्व्हर आला आणि २०१५ ला लीग सुरू झाली. चीफ्स, डायर वुल्व्ज, लेगसी या टीम्सची नावं आमच्या घरात क्रिकेटर्सच्या नावांसारखी घेतली जायची. आणि फुटीवर, म्हणजे इथल्या फुटबॉलवर, जीव टाकणाऱ्या सगळ्यांनी ऐका, ॲडलेड क्रोजने २०१७ ला लेगसी विकत घेतली होती, एसेंडननेही टीम घेतली होती. शंभर शंभर वर्षं फुटी खेळणाऱ्या शहरांतले क्लब यात पैसे घालत होते, आणि काकांना हा टाइमपास वाटतो!

त्या २०१८ च्या लीगमधून डायर वुल्व्ज कोरियाला वर्ल्ड्सला, म्हणजे या गेमच्या जागतिक स्पर्धेला, गेले. २०२० ला लेगसी त्याच स्पर्धेसाठी शांघायला गेली आणि प्ले-इनच्या, म्हणजे प्राथमिक फेरीच्या, ग्रुपमधून पुढे नॉकआउटपर्यंत पोचली. त्यानंतर काही दिवसांतच, ऑक्टोबरमध्ये, गेम बनवणाऱ्या रायट कंपनीने जाहीर केलं की ओपीएल बंद आणि सिडनीचं ऑफिसही बंद. कारण काय तर इथलं मार्केट ही लीग पेलू शकत नाही. मेलबर्न तेव्हा त्या लांबलचक लॉकडाऊनमध्ये. हा खोलीतून बाहेर आला, "बाबा, ओपीएल बंद केली" एवढंच म्हणाला आणि परत आत गेला. जेवायला हाक मारली तर, भूक नाही.

बरं, मान्य, अडीच कोटींच्या देशात प्रेक्षक किती आणि स्पॉन्सर किती, कंपनी काही कायम खिशातून भरणार नाही. हेही मान्य की त्याच वेळी नियम बदलून इथल्या प्लेयर्सना अमेरिकेच्या लीगमध्ये स्थानिक धरायला लागले आणि फज नावाच्या प्लेयरसारखा पोरगा तिकडे जाऊन २०२१ ला क्लाउड नाइन या टीमकडून तिथल्या लीगचा स्प्रिंग सीझन जिंकला. आम्ही पहाटे उठून नाचलो त्या दिवशी. पण जे जाऊ शकले त्यांचं भलं झालं, मागे राहिलेल्यांचं काय? पंधरा वर्षांच्या पोराला आपल्याच शहरातला कुणीतरी स्टेजवर दिसायला नको का? मैदान विकायचं आणि चार चांगले प्लेयर दुसऱ्या देशात पाठवले म्हणून सांगायचं, हे मला पटत नाही, कधीच पटणार नाही.

२०२१ ला दुसऱ्यांनी एलसीओ नावाने लीग उभी केली, आणि पहिल्याच वर्षी पर्थची पेंटानेट टीम आइसलँडला एमएसआय या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत रंबल स्टेजपर्यंत, म्हणजे ग्रुपच्या पुढच्या फेरीपर्यंत, गेली. इथल्या कुठल्याच टीमने त्याआधी तिथवर मजल मारली नव्हती. म्हणजे लीग बंद केल्यावर आमची पोरं सगळ्यात पुढे गेली! मग २०२३ ला एलसीओ तैवान-हाँगकाँगकडच्या पीसीएस लीगला जोडली, आणि २०२५ पासून आख्ख्या आशिया-पॅसिफिकची एकच मोठी लीग. आमची अशी वेगळी काही उरली नाही.

आणि अभ्यासाचं म्हणाल तर पोरगा सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. अभ्यास तो तेव्हाही करत होता. बोलत नव्हता फक्त.

काका, कुणीतरी ही पोस्ट तुम्हाला दाखवेलच. राग नाहीये, लिहिता लिहिता गेला. पुढच्या कार्यक्रमात भेटलात की त्याला एवढंच विचारा, बॅरन म्हणजे काय रे. आणि जरा वेळ काढून विचारा, तो पटकन संपवत नाही.