अडकलेली कॅसेट आणि पक्कडवाला सल्ला

आमच्या ठाण्यातल्या वर्तकनगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात एक मेसेज आला, मग तोच नातेवाइकांच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या. मजकूर थोडक्यात असा: जुन्या गाडीच्या टेपमध्ये कॅसेट अडकली तर दोष कॅसेटचा असतो, टेपचा नव्हे. फटीतून गंजावरचा स्प्रे मारा, इजेक्ट दाबत राहा, नाहीच निघाली तर पक्कडीने ओढा. बेल्ट गेला असेल तर रबरबँड लावा, कारण असले बेल्ट आता मिळत नाहीत. तेही जमलं नाही तर कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर घालून मोबाइल जोडा. मेकॅनिककडे जायची गरज नाही. पुढे पाठवा.

तळमजल्यावरच्या काकांनी पुढे पाठवला नाही, अमलात आणला. एमएच-०४ पासिंगची त्यांची १९९८ची गाडी, आत त्यांच्या भजनी मंडळाची स्वतः रेकॉर्ड केलेली सी-९०, म्हणजे नव्वद मिनिटांची कॅसेट. मी खाली गेलो तेव्हा फटीतून तेल ओघळत होतं आणि काकांच्या हातात पक्कड होती.

"काका, थांबा हो!"

"अरे, ग्रुपवर एवढ्या लोकांनी अंगठे दिलेत."

दोष कॅसेटचा, हे त्या मेसेजमधलं मूळ दुखणं आहे, बाकीचे घोळ त्यातूनच निघतात. कॅसेट चालते तेव्हा उदबत्तीच्या काडीएवढी एक लोखंडी काडी, म्हणजे कॅप्स्टन, आणि तिला चिकटून फिरणारा रबरी रोलर मिळून पट्टी पुढे ओढतात, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. ओढलेली पट्टी पलीकडच्या रिळाने लगेच गुंडाळून घ्यायची असते. मोटरपासून बेल्टने येणारी ताकद तिथपर्यंत पोचायला हवी. बेल्ट सैल पडला किंवा रीळ फिरवणारी चकती घसरायला लागली की रीळ मंदावतं, पण काडी पट्टी सोडतच राहते. मग ती पट्टी जाणार कुठे? काडीला आणि रोलरलाच वेटोळे घालते. कॅसेट अडकली म्हणतो ती इथे. सी-९०ची पट्टी सी-६०पेक्षा पातळ असते म्हणून ती लवकर गुंतते, उन्हात डॅशवर ठेवून वाकडी झालेली कॅसेटही अडते, इतपत कॅसेटचा हात मान्य. पण तीन वेगवेगळ्या कॅसेट एकाच टेपने खाल्ल्या असतील तर कॅसेटला का बोल लावायचा?

आता स्प्रे. या यंत्रात बेल्ट, रोलर, चकती हे सगळे भाग घर्षणावर चालतात. गाडीचं चाक घसरतंय म्हणून रस्त्यावर तेल ओतायचं, तसला हा उपाय. काकांच्या टेपमधला रोलर मला आयसोप्रोपिल अल्कोहोलने चार वेळा पुसावा लागला. मोबाइल दुरुस्तीवाले ज्याला आयपीए म्हणतात, तेच हे. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यातलं ॲसिटोन प्लास्टिक खातं.

इजेक्ट दाबत राहण्याबद्दल एवढंच, की गुंतलेल्या यंत्राला दर वेळी जोर लावला की एखादा प्लास्टिकचा दात जातो. आणि दात गेला की मग खरंच अवघड होतं, कारण बेल्ट मिळतो, नेमका तोच गिअर मिळत नाही.

पक्कडीबद्दल मात्र सविस्तर लिहितो. कॅसेट आत सरळ जाऊन थांबते असं बाहेरून वाटतं. तसं नसतं. आत गेल्यावर ती खाली बसते आणि तिच्या दोन भोकांत दोन खुंट्या शिरतात. म्हणजे तुम्ही समोरून ओढता तेव्हा त्या खुंट्यांशी झटापट करत असता. काकांच्या टेपमध्ये कॅसेट वरखाली करणारा पत्र्याचा नाजूक हात चांगलाच वाकला होता. तो सरळ करायला मला बाकी सगळ्या कामापेक्षा जास्त वेळ लागला.

करायचं असं. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पण गाडीबरोबर आलेले काही मूळ टेपसेट वीज तुटली की पुन्हा सुरू होताना कोड मागतात, तो गाडीच्या कागदांत आहे का ते आधी बघा. सेट बाहेर काढा. १८० बाय ५० मिलिमीटरचं तोंड असलेले बरेच सेट दोन्ही बाजूंनी किल्ल्या घातल्या की सुटतात, काहींना स्क्रू असतात. मागच्या वायरींचा फोटो घ्या. वरचं झाकण उघडलं की सगळं डोळ्यांसमोर येतं. फ्लायव्हील, म्हणजे कॅप्स्टनच्या टोकाचं जड चाक, बोटाने उलटं फिरवा, पट्टीचे वेढे एकेक करून सुटतात. घाई करू नका. चहा निवला तरी चालेल.

एखादा वेढा सुटलाच नाही तर पट्टी सरळ कात्रीने कापा. हे ऐकून काका हादरले होते. पण कापलेली पट्टी जोडता येते, ताणलेली पट्टी पूर्ववत होत नाही. तिथे आवाज कायमचा हेलकावे खातो. जोड हेडला, म्हणजे पट्टीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, न लागणाऱ्या बाजूने द्यायचा आणि त्यासाठी मिळणाऱ्या खास पट्टीने. सेलोटेपचा डिंक उन्हात पाझरतो आणि हेडवर जाऊन बसतो.

बेल्ट मिळत नाहीत हेही खोटं. दादरला लोकल बदलून ग्रँट रोडला उतरा, लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा. ऑनलाइन तर वेगवेगळ्या मापांचं पाकीटच मिळतं. जुना बेल्ट बहुतेक वेळा चिक्कीच्या पाकासारखा काळा चिकटा झालेला असतो, मोजायला हाती काही उरत नाही. मग पुलींभोवती दोरा फिरवून लांबी घ्यायची आणि त्याहून साधारण ५ टक्के लहान बेल्ट आणायचा. रबरबँडची जाडी सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे वेग कमीजास्त होतो आणि गाणारा बुवा सर्दी झाल्यासारखा वाटतो. शिवाय मे महिन्यात बंद गाडीत तो किती टिकणार?

अडॅप्टरचा सल्ला सगळ्यात गमतीचा. अडॅप्टरमधलं छोटं हेड टेपच्या हेडला टेकतं तेव्हा आवाज येतो. म्हणजे टेपने त्याला आत घेऊन, खाली बसवून, हेड नीट टेकवायला हवं. शिवाय रीळ फिरत नाही असं कळलं की बरेच ऑटो-रिव्हर्स टेप बाजू बदलतात नाहीतर अडॅप्टर बाहेर टाकतात. जो टेप कॅसेट चालवू शकत नाही, तो अडॅप्टर कसा चालवणार?

मेकॅनिककडे जाऊ नका, याला मात्र माझा निम्मा होकार आहे. ॲक्सेसरीच्या दुकानात गेलात तर ऐकून घ्यायच्या आत ब्लूटूथ सेटचा खोका काउंटरवर येतो. टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा कोणी जुना माणूस माहीत असेल तर त्याच्याकडे जा.

काकांच्या कॅसेटची साधारण १९ सेंटिमीटर पट्टी कापावी लागली, म्हणजे चार सेकंद. नवा बेल्ट घातल्यावर आम्ही दोघं गाडीत बसून ती जागा ऐकली. काका म्हणाले, "बरं झालं, तिथे आमचे पेटीवाले खोकले होते." पट्टी कापली की दुसऱ्या बाजूचेही तेवढेच सेकंद जातात, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.