‘आवाज पंधरा दिवसांत पुन्हा गेला’ या अभिप्रायास आमचे उत्तर

सर, सादर नमस्कार.

फोंड्यातील आमच्या दुकानाबद्दल एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी वाचला आणि उत्तर देण्याआधी नोंदवही व पावत्यांच्या प्रती काढून पाहिल्या. आपली तक्रार थोडक्यात अशी आहे: घरच्या जुन्या संगणकाचा आवाज गेला म्हणून आपण तो आमच्याकडे दिला, आम्ही तो चार दिवस ठेवून ६०० रुपये घेतले, पंधरा दिवसांत आवाज पुन्हा गेला, दुसऱ्या खेपेस आमच्या मुलाने ‘मदरबोर्ड (संगणकाचा मुख्य बोर्ड) गेला, आता नवीन संगणकच घ्या’ असे सांगितले, आणि नंतर आपल्या एका परिचिताने पुढच्या बाजूला हेडफोन दोन-तीनदा घालून काढताच स्पीकर वाजू लागले. त्यावरून आम्ही आपल्याला फसवले, असा निष्कर्ष आपण काढला आहे.

दुसऱ्या खेपेस जे घडले त्याची चूक पूर्णपणे आमची आहे. कॅबिनेट, म्हणजे संगणकाची पेटी, न उघडता मदरबोर्ड गेल्याचे सांगणे म्हणजे नाडी न पाहता रोग सांगण्यासारखे आहे, आणि त्याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो. पहिल्या खेपेच्या ६०० रुपयांबद्दल मात्र माझे म्हणणे वेगळे आहे.

संगणक आमच्याकडे आला तेव्हा त्यात एक नव्हे, दोन दोष होते, असे आता माझ्या लक्षात येते. आवाज गेल्यावर आपल्या ओळखीच्या कोणीतरी विंडोज एक्सपी पुसून नव्याने घातली होती. अशा वेळी साउंडचा ड्रायव्हर, म्हणजे ध्वनीचा भाग चालवणारा प्रोग्राम, आपोआप परत येईलच असे नसते. आपल्या संगणकात ध्वनीच्या जागी ‘नो ऑडिओ डिव्हाइस’ असे दिसत होते आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे संगणकाच्या भागांच्या यादीत, ‘मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर’पुढे पिवळे प्रश्नचिन्ह होते. मदरबोर्डसोबत आलेली सीडी आपल्याकडे उरली नव्हती. त्यामुळे मागच्या जॅकांजवळच्या (पिन घालण्याच्या छिद्रांजवळच्या) नखाएवढ्या चौकोनी चिपवरचा क्रमांक भिंगातून वाचून तिला जुळणारा ड्रायव्हर शोधावा लागला. एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी आधार देणे थांबवले आहे. इतक्या जुन्या बोर्डांचे ड्रायव्हर आता मागताक्षणी मिळत नाहीत. चार दिवस त्यात गेले. ते काम झाले, ते आवश्यक होते, आणि त्याचे पैसे मी योग्य मानतो.

आता ज्या दोषामुळे मुळात आवाज गेला होता, त्याबद्दल. पहिल्या दिवशी आपण आमच्या मुलाला सांगितले होते की आधी फक्त डाव्या बाजूचा स्पीकर बंद पडला आणि काही दिवसांनी उजवाही गेला. हे वाक्य नोंदवहीत आलेच नाही; तेथे केवळ ‘आवाज नाही’ एवढेच लिहिलेले आहे. ड्रायव्हर बिघडला तर दोन्ही बाजू एकदम जातात. एक बाजू आधी आणि दुसरी मागाहून गेली, तर बहुधा तारेत, जॅकमध्ये किंवा स्पीकरमध्ये कोठेतरी जोड सुटलेला असतो. ते वाक्य त्या दिवशी लिहिले गेले असते, तर हे उत्तर लिहिण्याची वेळ आली नसती.

आपल्या संगणकातील ध्वनीची व्यवस्था एसी-९७ या पद्धतीची आहे. इंटेलने ती १९९७ मध्ये आणली. या पद्धतीत पुढच्या पॅनेलवर हेडफोनचा जॅक असेल, तर मागच्या हिरव्या जॅकला जाणारा आवाज आधी मदरबोर्डवरून तारेने पुढे येतो, हेडफोनच्या जॅकमधून फिरतो आणि दुसऱ्या तारेने मागे परततो. जॅकच्या आत डाव्या आणि उजव्या बाजूंसाठी एकेक लहान स्प्रिंगची पट्टी असते. हेडफोनची पिन आत गेली की पट्ट्या उचलल्या जातात आणि मागचे स्पीकर गप्प होतात. पिन काढली की पट्ट्या जागेवर टेकतात आणि स्पीकर पुन्हा वाजू लागतात. सारी मदार त्या टेकण्यावर आहे. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. घरात कपडे वाळत नाहीत, तेथे पंधरा-वीस वर्षांच्या पट्टीवर गंजाचा काळपट थर चढला तर नवल नाही. पट्टी टेकते, पण वीज पुढे जात नाही. दोन्ही पट्ट्यांवर थर एकाच दिवशी धरत नाही, म्हणून एक स्पीकर आधी जातो.

आपल्या परिचिताने हेडफोन घालून काढला तेव्हा पिनेच्या घासण्याने आणि पट्टीच्या हलण्याने तो थर थोडा खरवडला गेला व आवाज आला. त्यांनी दोषाची जागा अचूक दाखवून दिली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. पण दुरुस्ती अजून झालेली नाही. हवा दमट झाली की थर पुन्हा धरेल.

आता आमची खरी नामुष्की. ड्रायव्हर बसवल्यावर आमच्या मुलाने आवाज तपासला तो पुढच्या जॅकला दुकानातला हेडफोन लावून, आणि त्यानंतर मागे स्पीकर जोडून. म्हणजे तपासणी करतानाच त्याने नकळत तीच पट्टी घासून दिली. दुकानात सर्व ठीक वाजले, कारण तपासण्याच्या रीतीनेच दोष झाकला. आणि आपल्या घरी तो पंधरा दिवसांत उघडा पडला. आता आमच्याकडे आधी मागचा जॅक आणि मगच पुढचा, असा क्रम ठरवून दिला आहे.

नवीन संगणक घेण्याचा सल्ला तर आपल्या बाबतीत दुहेरी चुकीचा होता. आपण अभिप्रायात लिहिलेच आहे की जुन्या नाट्यसंगीताच्या कॅसेटी आपण याच संगणकावर उतरवून घेता आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) घुमट या मातीच्या वाद्यावरच्या आरतीचा सरावही त्यावरच्या ध्वनिमुद्रणावरून चालतो. कॅसेट प्लेअर जोडायला मागचा निळा लाइन-इन जॅक लागतो. आजच्या बहुतेक लॅपटॉपवर तो नसतो, हेडफोन आणि माइकसाठी मिळून एकच छिद्र असते. ज्या कामासाठी आपण हा संगणक जपला आहे, तेच काम आमच्या सल्ल्याने अडले असते. ऐन चवथीच्या तोंडावर आपला सराव खोळंबला, याचे मला वाईट वाटते.

आपला संगणक मी स्वतः उघडून पाहिलेला नाही. वरील निदान आपल्या वर्णनावरून केले आहे. त्याची खात्री घरच्या घरी करता येईल. स्पीकर गप्प असताना त्यांची पिन मागून काढून पुढच्या हेडफोनच्या जॅकला लावावी. तेथे दोन्ही बाजू वाजल्या, तर मदरबोर्ड आणि ड्रायव्हर दोन्ही ठीक आहेत आणि दोष पट्टीचा आहे. तेथेही आवाज नसेल, तर तीच पिन मोबाइलला किंवा रेडिओला लावून आधी स्पीकरच चालू आहेत ना, ते पाहावे. स्पीकर वाजत असूनही पुढे-मागे दोन्हीकडे शांतता असेल, तरच बोर्डाचा विचार करावा लागेल, आणि तेव्हाही नवीन संगणक घेण्याऐवजी एक वेगळे साउंड कार्ड बसवणे पुरते.

दोष पट्टीचाच निघाला, तर दोन उपाय आहेत. पुढच्या पॅनेलची तार मदरबोर्डवरून काढून ५ व ६ आणि ९ व १० क्रमांकांच्या पिनांवर जंपर, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या लहान टोप्या, बसवल्या की आवाज पुढे न फिरता थेट मागे जातो. काम काही मिनिटांचे आहे. मात्र पुढचा हेडफोन जॅक कायमचा बंद होतो. तो हवा असेल तर जॅक नवा बसवावा लागतो. केवळ क्लीनर फवारून मी काम संपवणार नाही, कारण पट्टीवरचा मुलामा झिजला असेल तर पुढच्या पावसात तीच तक्रार येईल. इतर वाचकांना एवढेच सांगतो की २००४ मध्ये आलेल्या एचडी ऑडिओ पद्धतीच्या बोर्डांवर त्याच पिनांचे काम वेगळे असते. तेथे हे जंपर बसवू नयेत.

दोन्हींपैकी जो उपाय आपण निवडाल तो आम्ही विनामूल्य करून देऊ. नवा जॅक लागला तर त्याचाही खर्च आमचा. दुसऱ्या खेपेस तपासणीचे म्हणून आपल्याकडून १५० रुपये घेतल्याचे पावतीवर दिसते. तपासणी झालीच नव्हती, तेव्हा तेही परत मिळतील. आपला अभिप्राय काढून टाकावा, असे मी म्हणणार नाही.

येताना फक्त कॅबिनेट आणि आपले स्वतःचे स्पीकर आणावेत. मॉनिटर आणि कीबोर्ड आमच्याकडे आहेत. आणण्यापूर्वी एक-दोन दिवस पुढच्या जॅकला हेडफोन लावू नये, म्हणजे दोष असेल तसा आमच्यासमोर येईल. या वेळी कॅबिनेट मी स्वतः आपल्यासमोर उघडेन.