एमआरआय स्वच्छ आहे म्हणून दुखणं खोटं ठरत नाही

ताई, तुमचा राग पटतो. आईंची कंबर चार वर्षं दुखतेय, एमआरआयमध्ये ‘वयोमानानुसार बदल’ यापलीकडे काही नाही आणि घरीदारी सगळे ‘मनाला लावून घेता’ म्हणतात. त्यात ‘दुखणं मज्जासंस्थेत मुरतं’ असं मी माझ्या लेखात लिहिलं. म्हणजे मीही त्याच माळेतली, असं तुम्ही म्हणता. मला नेमकं उलट म्हणायचं होतं.

1992 साली टोरेब्यॉर्क, लुंडबर्ग आणि लामोट या संशोधकांनी निरोगी माणसांवर केलेला एक प्रयोग बघा. त्यांनी बारीक सुई थेट नसेत घालून स्पर्शाची जाणीव नेणारे तंतू विजेने हलकेच चेतवले. माणसाला कातडीवर नुसता स्पर्श जाणवला. मग त्या जागेच्या शेजारी कॅप्सायसिन, म्हणजे मिरचीतलं झोंबणारं द्रव्य, टोचलं. पुन्हा तीच नस, तेवढीच वीज. आता मात्र दुखलं! तंतू स्पर्शाचेच होते आणि वीज कातडीला वगळून थेट नसेत जात होती. बदल झाला होता तो त्यापुढे, जिथे या नसा निरोप पोचवतात तिथे.

मज्जारज्जूत हा निरोप एका पेशीकडून दुसरीकडे ग्लुटामेट नावाच्या रसायनामार्फत जातो. घेणाऱ्या पेशीवर एनएमडीए नावाचं एक द्वार असतं. एरवी मॅग्नेशियम ते बुजवून बसलेलं असतं. दुखण्याचे निरोप येतच राहिले की मॅग्नेशियम बाजूला सरतं, कॅल्शियम आत शिरतं आणि पेशी इतकी हळवी होते की हलक्या निरोपालाही जोरात उत्तर देते. याला कुणी मनाचे खेळ कसं म्हणावं? हे शरीरातच घडतं, फक्त एमआरआयच्या फिल्मवर उमटत नाही.

आणि फिल्मवर दिसतं ते दुखतंच, असंही नाही. 1994 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात कंबर अजिबात न दुखणाऱ्या 98 जणांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून अधिक जणांची मणक्यांमधली एखादी तरी चकती फुगलेली निघाली.

तुमचा दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो: ‘डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी लिहून दिली, म्हणजे आईला वेडंच ठरवलं.’ ती गोळी ड्युलॉक्सेटिन असेल, तर ती जुनाट कंबरदुखीवरही दिली जाते. मेंदूकडून खाली मज्जारज्जूत येणाऱ्या काही वाटा दुखण्याचे निरोप दाबतात आणि त्या सेरोटोनिन व नॉरॲड्रेनलिनवर चालतात. ही गोळी तीच रसायनं वाढवते. लिहून देताना एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. ती कुणी दिली नाहीत, याचा मला तुमच्याइतकाच संताप येतो. पुढच्या खेपेला तुम्ही स्वतः आईंबरोबर जा, गोळी कशासाठी ते विचारा आणि परस्पर बंद करू नका.

एक मात्र सांगते. प्रत्येक जुनं दुखणं या प्रकारातलं नसतं. आईंच्या पायातली ताकद कमी झाली, लघवीवरचा ताबा सुटला, ताप येऊ लागला किंवा विनाकारण वजन उतरलं, तर माझा लेख बाजूला ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा.