आजोबांची आरामखुर्ची घासायला काढा

आधी मुहूर्त. जुनं लाकडी फर्निचर घरच्या घरी पॉलिश करायचं तर जुलैसारखा महिना नाही. चार दिवसांची झड लागलेली असावी, दोरीवरचे कपडे वाळता वाळत नसावेत आणि नेमकं तेव्हाच तुमच्या लक्षात यावं की आजोबांच्या आरामखुर्चीची पार रया गेलीय. चपड्याचं पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. स्पिरिट भराभर उडतं, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि पॉलिश पांढुरकं, धुरकट होऊन बसतं. मार्चच्या कोरड्या हवेत असं होत नाही. म्हणून मार्चमध्ये आपण क्रिकेट बघायचं.

आमची खुर्ची सागवानी. वेताची बैठक, पाय टाकायला लांबलचक हात. त्या हातांवर आजोबांच्या कोपरांनी पन्नासेक वर्षं घासून असा काही काळसर तांबूस तुकतुकीतपणा आणला होता की बोट आपोआप फिरायचं. उजव्या हातावर मात्र चहाच्या कपाचा एक पांढरा गोल होता. तो घरात कुणालाच खुपत नव्हता. मला मात्र एका रविवारी तो दिसला आणि मग खुर्ची दिसेनाशी झाली.

आता त्या गोलाचं दुखणं खरं तर एवढंसं असतं. ओल बहुधा पॉलिशच्या वरच्या थरातच अडकलेली असते, लाकडापर्यंत पोचलेली नसते. कापसाचा बोळा मलमलीच्या फडक्यात बांधायचा, स्पिरिटचा जेमतेम ओलावा द्यायचा आणि न थांबता हलक्या हाताने फिरवायचा. पुष्कळदा दहा मिनिटांत डाग जातो. पण मग सव्वानऊला रविवार संपणार आणि तुम्हाला मंडईत पिटाळणार. तेव्हा हा उपाय विसरा. तसंच खुर्चीच्या पोटाखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी स्पिरिटचा थेंब लावून पॉलिश चिकट होतं का तेही बघू नका. चिकट झालं तर ते चपड्याचं, म्हणजे सगळं न खरवडताही वरून हात देऊन उजळेल असं निघायचं. एवढ्या सहज सुटणाऱ्या प्रश्नात पुरुषार्थ तो काय?

पॉलिश पेपर आणायला स्वतः जा. दुकानदार विचारेल, "किती नंबर देऊ?" नंबर जितका लहान तितका दाणा जाड, हे तुम्हाला ठाऊक नसलं तर उत्तम. मी ऐटीत "छत्तीस" म्हणालो. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, "फरशी आहे का?" म्हणाला. मी म्हटलं, "खुर्ची." तो काही बोलला नाही, गिऱ्हाईक देव असतं. जाणती माणसं १२० किंवा १८० ने सुरुवात करून २२०, ३२० पर्यंत जातात, आणि तेही लाकडाच्या रेषेच्या दिशेने. तुम्ही आडवं घासा. गोल गोल घासा, उटणं लावल्यासारखं. ओरखडे तेव्हा दिसत नाहीत. पॉलिशचा पहिला हात फिरला की मात्र नवसाला पावल्यासारखे एकदम प्रकट होतात.

हात शिवशिवतच असतील तर टीपॉयही घ्या. त्यावरचा व्हीनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, अर्ध्या मिलिमीटरचा असू शकतो. तो संपला की खालचं प्लायवुड भेटतं. भेट अविस्मरणीय.

दोन गोष्टी मात्र थट्टा बाजूला ठेवून सांगतो. अळशीच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आतल्या आत तापून आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवा किंवा बाहेर एकेक पसरून वाळवा. आणि जुन्या कपाटावरचा ऑइलपेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगात ९० पीपीएमहून (दहा लाख भागांत नव्वद भागांहून) जास्त शिसं नको हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची पूड पोरांच्या नाकातोंडात जायला नको. हं, आता पुन्हा मूर्खपणाकडे.

सहा आठवडे हे चालू द्या. गॅलरी अडलेली, डाळीच्या डब्यावरही सागवानाची पूड, चहाला टर्पेंटाइनचा वास. मग मिस्त्रींना बोलवा. आमचे आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी हातावरून नुसता अंगठा फिरवला.

"साहेब, हे कुणी केलं?"

"होता एक कारागीर," मी म्हणालो.

"पैसे दिले त्याला?"

"अजून नाही."

"देऊ नका."

ते पाच दिवस खपले. पेवडी (पिवळ्या मातीची पूड) आणि गेरू कालवून लाकडाची छिद्रं भरली, चपडा रात्रभर भिजत घालून गाळला, ऊन पडेल तेव्हाच बोळ्याने पातळ पातळ हात दिले. मजुरी इतकी झाली की मी आकडा बायकोला दोन हप्त्यांत सांगितला. खुर्ची झकास झाली. गोल गेला. कोपरांची जागाही गेली. दोन्ही हात आता सारखेच चकचकीत, हॉटेलच्या लॉबीत ठेवावी तसे. पाहुणे विचारतात, "कुठून घेतली?"

आईला म्हटलं, बस की. तिने लांबूनच एकदा पाहिलं आणि मोरीतली प्लास्टिकची खुर्ची ओढून घेतली.

"मला ही बरी," ती म्हणाली. "हिला कुणी घासत नाही."