युरिया बंद केल्यानं ट्रकचं अ‍ॅव्हरेज वाढत नाही

माझ्या दाजींचा दहा टायरी ट्रक आहे. सोलापूर मार्केट यार्डातून कांदा भरून हैदराबादकडं जातो. ड्रायव्हर लोकांच्या ग्रुपवर फिरणारा एक मेसेज त्यांनी मला पाठवला आणि खाली लिहिलं, "करून घ्यावं म्हणतोय." मेसेज थोडक्यात असा: बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या) गाडीतली युरिया सिस्टीम, धुराची जाळी (डीपीएफ) आणि ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा भाग) ही नुसती ओझी आहेत. युरिया इंजिनात जाऊन इंजिन खातो. सगळं काढलं की अ‍ॅव्हरेज आणि ताकद 25 टक्क्यांनी वाढते. पीयूसी तरीही निघतं. आणि काढायचं नसेल तर शेतातला युरिया पाण्यात कालवून टाका. दाजींच्या ओळखीतल्या दोघांनी हे करूनही घेतलंय, म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

"युरिया इंजिनात जातो" हे धादांत खोटं आहे. युरियाची टाकी वेगळी, पाइप वेगळा, आणि त्याचा नोझल धुराच्या पाइपात असतो. धूर इंजिनातून बाहेर पडल्यावर त्यावर फवारा मारला जातो. गरम धुरात युरियाचा अमोनिया होतो. पुढच्या कॅटॅलिस्टमध्ये (धूर साफ करणाऱ्या डब्यात) हा अमोनिया आणि विषारी नायट्रोजन ऑक्साइड मिळून साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ तयार होते. सिलिंडरकडं परत जायला त्याला वाटच नाही.

अ‍ॅव्हरेजचं तर उलटंच आहे. डिझेल जितकं कडक तापून जळेल तितकं अ‍ॅव्हरेज चांगलं मिळतं, पण नायट्रोजन ऑक्साइडही तितकेच जास्त निघतात. ते पुढं युरियानं निस्तरता येतात, म्हणून कंपनीला इंजिन अ‍ॅव्हरेजच्या बाजूनं सेट करता येतं. गाडीच्या कॉम्प्युटरला फसवणारी डबी लावून फवारा बंद केला तरी इंजिनाचं सेटिंग तेच राहतं. मग डिझेल वाचणार कुठून? वाचतो तो फक्त युरिया, 100 लिटर डिझेलमागे साधारण 4-5 लिटर. तेवढी बचत खरी आहे, हे मान्य. पण ती डबी वाटेत बंद पडली की गाडी स्वतःच ताकद कापते, आणि भरलेला ट्रक घाटात किंवा हायवेला रखडतो.

सगळ्यात जास्त राग आला तो शेतातल्या युरियाच्या सल्ल्याचा. गाडीचं द्रावण म्हणजे 32.5 टक्के शुद्ध युरिया आणि क्षार काढलेलं पाणी. खताच्या युरियात बाययुरेट आणि इतर अशुद्धी असतात. शिवाय 2015 पासून आपल्याकडं मिळणारा खताचा युरिया निंबोळी तेल लावलेला असतो. पिकाला ते चांगलं, पण गाडीत हे मिश्रण आणि त्यात बोअरचं पाणी गेलं की नोझल चोंदतो, पंप जातो, कॅटॅलिस्ट निकामी होतो. हा खर्च युरियावर वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट आहे. वर सबसिडीचं खत शेतीबाहेर वापरणं हा गुन्हा. आपल्या जिल्ह्यात ऐन हंगामात युरियाच्या पोत्यासाठी शेतकरी रांगेत उभा असतो, आणि हे लोक तो ट्रकच्या टाकीत ओतायला सांगतात!

आता ते 25 टक्के. 2015 साली फोक्सवॅगन या जर्मन कार कंपनीची लबाडी उघड झाली. तपासणीच्या वेळी प्रदूषण यंत्रणा पूर्ण चालायची आणि रस्त्यावर सॉफ्टवेअर ती ढिली सोडायचं. त्यानंतर अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहकांच्या संस्थेनं फोक्सवॅगनच्या दोन जेटा डिझेल गाड्या दोन्ही तऱ्हांनी चालवून मोजल्या. हायवेवर 2011 च्या गाडीचं अ‍ॅव्हरेज यंत्रणा पूर्ण चालू असताना गॅलनला 46 मैल होतं, ढिली असताना 50. 2015 च्या गाडीचं 50 आणि 53. म्हणजे फरक 6 ते 9 टक्के. ताशी 60 मैलांचा वेग गाठायला जुन्या गाडीला 10.5 ऐवजी 9.9 सेकंद लागले, नवीला 9.2 ऐवजी 9.1. त्या कार होत्या, ट्रक नव्हेत, हे खरं. पण ज्या कंपनीनं इंजिन बनवलं, तिनं स्वतः लबाडी करून जर एवढंच पदरात पडलं, तर लॅपटॉपवर इंजिनाचं सेटिंग बदलणारा गल्लीतला मेकॅनिक 25 टक्के आणणार कुठून?

जाळीबद्दल मात्र अर्धं खरं आहे. ती काजळी साठवते, मग ती जाळून टाकायला थोडं जादा डिझेल लागतं, आणि चोंदली तर गाडी नक्की दमते. पण "काढल्यावर गाडी पळायला लागली" म्हणणारे चोंदलेल्या जाळीशी तुलना करतात. साफ जाळी असलेल्या गाडीशी कुणीच करत नाही. जाळीचा दिवा लागला की हायवेला सलग चालवा, जाळण्याचं काम मधेच इंजिन बंद करून तोडू नका, आणि कंपनीनं सांगितलेलं कमी राखेचं ऑइलच टाका. उरलेली ताकद येते ती रिमॅप करून, म्हणजे कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून, जादा डिझेल सोडल्यामुळं. त्याचा भार टर्बो आणि गिअरबॉक्सवर पडतो.

ईजीआरचं एका वाक्यात सांगतो. पूर्ण लोडवर बऱ्याच इंजिनांत त्याचा व्हॉल्व्ह मिटलेला किंवा जेमतेम उघडा असतो, त्यामुळं तो बंद करून चढावर फारशी जादा ताकद मिळत नाही.

पीयूसी निघतं, हेही खरं. डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. म्हणून ते कायदेशीर होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि आपलं सोलापूर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या प्रदूषित शहरांच्या यादीत आहे. डिझेलच्या धुरानं कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं 2012 मध्येच जाहीर केलंय. यार्डात रात्रभर चालू ट्रकमागं पोती वाहणारे हमाल तोच धूर घेतात.

तरीही कुणी गाडी घेऊन निघालाच असेल, तर काढलेलं सामान परत मिळणार का, हे गॅरेजवाल्याला आधी विचारा. जाळीच्या अलीकडच्या कॅटॅलिस्टमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम असतं आणि भंगारात त्याला चांगला भाव येतो. मेसेजमध्ये त्याबद्दल एक अक्षर नाही.