कोळी अजून आला नाही

कोल्हापुरात कोणाचे घर शोधायचे असेल तर कागदावरचा पत्ता वाचत बसण्यात अर्थ नसतो. तालीम कुठली एवढे विचारायचे, म्हणजे कोपऱ्यावरचा पानपट्टीवाला, पारावरचे आजोबा आणि दुधाची किटली घेऊन चाललेला एखादा पोरगा असे तिघेही एकाच बोळाकडे हात करतात, आणि तिघांचे हात एकाच दिशेला गेले की घर सापडले म्हणून समजावे. ही पद्धत फक्त आमच्या पेठेची आहे असे मी चौतीस वर्षांच्या बँकेतल्या नोकरीनंतरही समजत होतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी हीच युक्ती संगणकाला शिकवली आणि १९९८ साली तिच्यावर गूगल नावाची कंपनी काढली, हे मला निवृत्तीनंतर कळले. इंटरनेटवरच्या ज्या पानाकडे इतर पाने दुव्यांचे, म्हणजे लिंकांचे, हात करतात ते पान महत्त्वाचे मानायचे, आणि हात करणारा जितका वजनदार तितका त्याच्या हाताला मान जास्त, एवढेच तिचे सार आहे. तालमीच्या वस्तादाने दाखवलेली वाट आणि परगावच्या रिक्षावाल्याने दाखवलेली वाट यांत आपणही फरक करतोच.

हे ज्ञान मला सुखासुखी मिळालेले नाही. आमच्या घरी दर उन्हाळ्यात चटणी होते. रंगासाठी ब्याडगी आणि तिखटपणासाठी संकेश्वरी अशी मिरची लक्ष्मीपुरीतून आणायची, देठे काढून उन्हात कडकडीत वाळवायची, खोबरे, तीळ, धणे आणि खडा मसाला भाजायचा, आणि सगळे डंकावर कांडून आणून त्यात कांदा-लसूण मिसळायचा, हा आमच्या सौभाग्यवतींचा परिपाठ. ही चटणी आधी शेजारी जात असे, मग पुण्याला मुलाकडे जाऊ लागली, तिथून त्याच्या सोसायटीत पसरली, आणि एके दिवशी आमचे मेहुणे जेवता जेवता म्हणाले, "दाजी, आता वेबसाइट काढायची. हाय काय आन् नाय काय!" ज्या कामाची सुरुवात या वाक्याने होते त्या कामात पुढे काय काय असते, याचा अनुभव मला बँकेतही पुष्कळ आला होता.

वेबसाइट करायला मेहुण्यांनी जो मुलगा आणला, त्याचा मूळ धंदा फ्लेक्सचा. आमच्या चौकातल्या प्रत्येक वाढदिवसाला, निवडीला आणि श्रद्धांजलीला त्याचाच हात लागलेला असतो. त्याच्या दुकानावरच्या पाटीवर लग्नपत्रिका आणि रबरी शिक्के यांच्या खाली अलीकडेच 'वेबसाइट करून मिळतील' ही ओळ आली होती. त्याने आठ दिवसांत काम पुरे केले आणि जे केले तो इंटरनेटवर टांगलेला फ्लेक्सच होता. वर मध्यभागी अंबाबाई, डावीकडे शाहू महाराज, आणि त्यांच्या खाली हात जोडून उभ्या असलेल्या आमच्या सौभाग्यवती, जणू प्रभागातून उभ्याच राहिल्या आहेत. त्याखाली गोल चौकटींत मी, मेहुणे, आणि चटणीशी ज्याचा खाण्यापलीकडे काहीही संबंध नाही असा मेहुण्यांचा मुलगा, 'शुभेच्छुक' म्हणून. साइट उघडली की हलगी वाजत असे. चटणी हा शब्द एकदाच, अगदी तळाशी, फोन नंबराच्या शेजारी, सोनेरी अक्षरांत होता.

हे सगळे मिळून नऊ एमबीचे एकच चित्र होते. गूगलची अपेक्षा अशी, की पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत डोळ्यांसमोर यावा. अडीच सेकंदांत आमच्या साइटवर अंबाबाईचा मुकुटही पुरता येत नसे. माझ्या फोनवर ते चित्र वरून खाली रेघेरेघेने उतरत यायचे आणि फोन नंबरापर्यंत पोहोचेपर्यंत चुलीवरच्या तांबड्या रश्श्याला उकळी फुटत असे.

तरीही मी समाधानी होतो, कारण तळाशी भेटी मोजणारा एक आकडा होता आणि तो रोज वाढत होता. सहा महिन्यांत तो चारशे बारावर गेला, मात्र ऑर्डर एकही आली नाही. तेव्हा बँकेच्या सवयीने मी ताळा करायला बसलो. मी रोज सकाळी आणि संध्याकाळी साइट उघडून बघत होतो. सहा महिन्यांच्या तीनशे पासष्टच्या आसपास भेटी माझ्याच निघाल्या. उरलेल्या मेहुण्यांच्या होत्या.

मे महिन्यात बंगळूरहून भाची आली. ती याच क्षेत्रात आहे. तिने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि आधी ती हलगी बंद केली, त्याबद्दल गल्लीतर्फे तिचे आभार मानायला हवेत. मग तिने समजावून सांगितले, की गूगलचा एक कोळी असतो. तो दुव्यादुव्यावरून हिंडत पाने वाचतो आणि आपल्या वहीत नोंद करतो.

"कोळी?" सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "मासे घेऊन यायचाय काय?"

"मामी, जाळ्यातला कोळी. पण तुमच्या साइटवर त्याला वाचायला काहीच नाही."

ते खरेच होते. चित्रात काढलेली अक्षरे त्या कोळ्याच्या लेखी मजकूर नव्हेत, आणि चित्रात काय आहे हे सांगणारा जो पर्यायी मजकूर लिहायचा असतो, ज्याच्या आधारे दृष्टिहीन माणसांचा फोनही चित्र वाचून दाखवतो, तिथे फ्लेक्सवाल्या मुलाने 'फायनल फ्लेक्स नवीन दोन' असे लिहून ठेवले होते. आतल्या पानावर थोडा खरा मजकूर होता, पण तो त्याने पत्रिका छापण्याच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून तसाच चिकटवला होता. त्याच्या दुकानातल्या संगणकावर तो अस्सल मराठी दिसे. इतर सगळ्या जगाला तिथे इंग्रजी अक्षरे आणि कंसांची खिचडी दिसत होती. देवनागरीला युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरांच्या सामायिक यादीत, १९९१ सालीच जागा मिळालेली आहे, परंतु ती बातमी आमच्या चौकापर्यंत यायची होती.

खरा कहर पुढेच होता. साइट बांधून होईपर्यंत अर्धवट काम लोकांना दिसू नये म्हणून 'शोधयंत्रांनी या साइटची नोंद करू नये' अशी एक खूण करण्याची सोय असते. फ्लेक्सवाल्या मुलाने ती खूण केली होती आणि काम झाल्यावर काढायची विसरला होता. म्हणजे आम्ही दुकान थाटले, फ्लेक्स लावला, सहा महिने हलगी वाजवली आणि दारावर पाटी लावली, 'आत येऊ नये'. कोळी बिचारा सज्जन. तो पाटी वाचून परत जात होता.

भाचीने खूण काढली, चित्रांची वजने उतरवली, प्रत्येक पानाला वेगळे शीर्षक दिले (आधी सगळ्यांचे 'मुख्यपृष्ठ' होते) आणि बजावले, "मामा, आता धीर धरा. दोन-तीन महिने लागतील." चौतीस वर्षे लोकांना "पुढच्या आठवड्यात या" असे सांगणाऱ्या माणसाला दुसऱ्याने हेच सांगितलेले सोसत नाही. पंधराव्या दिवशी मला, साइट गूगलवर वर आणून देतो म्हणणाऱ्या एका तज्ज्ञाचा फोन आला. महिन्याभरात पहिल्या पानावर पहिला नंबर, लेखी हमी, फक्त आठ हजार. गूगल स्वतःच सांगते की पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे मला त्या वेळी माहीत नव्हते, आणि असते तरी कुस्तीच्या गावातल्या माणसाला पहिल्या नंबराचा मोह आवरत नाही.

तज्ज्ञाने लिहिलेल्या परिच्छेदाची सुरुवात अशी होती: 'कोल्हापुरी चटणी म्हणजे कोल्हापूरची कोल्हापुरी चटणी असून उत्तम कोल्हापुरी चटणी हवी असल्यास आमची कोल्हापुरी चटणी'. मी मोजले, एका परिच्छेदात एकतीस वेळा. सौभाग्यवतींनी चष्मा लावून वाचले आणि म्हणाल्या, "एवढी चटणी कशातच घालू नये." शिवाय पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत मिसळ, चप्पल, साज आणि गूळ असे शब्द दडवलेले होते, आणि पडद्यामागे मुख्य शब्दांची भलीमोठी यादी होती, जिच्याकडे आपण क्रमवारीसाठी पाहतच नाही असे गूगलने २००९ मध्येच जाहीर करून टाकले होते. आमच्याकडे हात करणारी दोनशे पाने त्याने विकत आणली, ती बहुतेक जुगाराच्या साइटांची होती. म्हणजे घराचा पत्ता मटक्याच्या अड्ड्यावर विचारावा, तसे झाले. महिन्याभराने आम्ही जे काही थोडे वर आलो होतो तेही खाली गेलो, आणि तज्ज्ञाचा फोन लागेनासा झाला. ती घाण भाचीने फोनवरून मला एकेक करून काढायला लावली, त्यात माझा श्रावण गेला.

यानंतरचा वाद मात्र घरातला होता आणि तोच खरा अवघड होता. लोक काय शोधत आमच्यापर्यंत येतात हे दाखवणारी गूगलची सर्च कन्सोल म्हणून सोय आहे. तिच्यात दिसले की पुण्या-मुंबईची माणसे 'कांदा लसूण मसाला' शोधतात, निम्मी तर रोमन लिपीत. चटणी शोधणाऱ्यांना बहुधा शेंगदाण्याची किंवा इडलीबरोबरची हवी असते. मी सुचवले, पानावर मसाला लिहू या.

"मसाला म्हणजे दुकानातलं पाकीट," सौभाग्यवती म्हणाल्या. "ही चटणी आहे. माझ्या सासूबाई चटणी म्हणायच्या."

माझ्या आईलाच साक्षीला आणल्यावर मला बोलायला जागा उरली नाही. तीन दिवस घरात शोधशब्दांवर अबोला होता. चौथ्या दिवशी तोड त्यांनीच काढली. त्या सांगत गेल्या आणि मी टाइप करत गेलो: तुमच्याकडे ज्याला कांदा-लसूण मसाला म्हणतात तिला आमच्या कोल्हापुरात चटणी का म्हणतात, कोणती मिरची कशासाठी, एक किलो मिरचीला काय काय किती, बरणीत ओला चमचा का घालायचा नाही, वर हिंगाचा खडा का ठेवायचा, खारट झाली तर काय करायचे. तज्ज्ञाच्या आठ हजारांना जे जमले नाही ते या एका पानाने केले. डिसेंबरपर्यंत आम्ही पहिल्या पानावर होतो. लोकांचे फोन येऊ लागले. त्यांतले बरेच स्वतः केलेली चटणी बिघडल्याबद्दल असत, पण दहांतला एखादा कंटाळून म्हणे, "काकू, तुमचीच पाठवा अर्धा किलो."

एप्रिलमध्ये, ऐन मिरचीच्या हंगामात, साइट एका सकाळी नाहीशी झाली. साइटचे नाव ठरावीक वर्षांच्या बोलीने भाड्याने घेतलेले असते आणि आमचे नाव फ्लेक्सवाल्या मुलाने स्वतःच्या नावे घेतले होते. घर आम्ही बांधले, सातबारा त्याचा! मुदत संपत आल्याची पत्रे त्याच्या ईमेलवर येत होती. "काका, मेल बघतंय कोण?" तो निरागसपणे म्हणाला. मुदतीनंतर काही दिवस सवलतीचे मिळतात म्हणून नाव वाचले, ते मी माझ्या नावावर करून घेतले, आणि आता नूतनीकरणाची तारीख आमच्या दिनदर्शिकेवर गॅसच्या नोंदीशेजारी लाल शाईने लिहिलेली आहे.

परवा पुण्याहून सूनबाईंचा फोन आला. त्यांनी साइटवरचे पान पुढे ठेवून यंदा प्रथमच स्वतः चटणी केली होती आणि ती सासूबाईंसारखी झाली नव्हती. बोलणे गोड होते, पण त्याचा रोख असा, की कुठलीही सासू एखादा जिन्नस सुनेला सांगताना मागे ठेवतेच. सौभाग्यवतींचा चेहरा ब्याडगीच्या रंगाचा झाला. आम्ही पान उघडले. एक किलो मिरचीला कांदा अर्धा किलो, असे त्यांनी सांगितले होते. मी पाव किलो टाइप केले होते. आठ महिने, नागपूरपासून पणजीपर्यंत, कोण जाणे किती घरांत.

मी तत्क्षणी दुरुस्ती केली, भाचीने शिकवल्याप्रमाणे पान पुन्हा वाचून जाण्याची रीतसर विनंतीही गूगलला धाडली. तरी गूगलवर शोधले की आमच्या नावाखालच्या दोन ओळींत अजून पावच दिसतो, कारण वहीत जुनीच नोंद आहे. ती बदलायला कोळ्याने स्वतः यावे लागते, आणि तो त्याच्या सवडीने येतो. आज पाचवा दिवस. सौभाग्यवती रोज सकाळी चहा पुढे ठेवताना, सिलिंडरवाल्याबद्दल विचारावे तशा आवाजात विचारतात, "आला का तो?"