आना डोरोथेया थेरबुश यांना पॅरिसने खरोखरच नाकारले का?

बर्लिनच्या दरबारी चित्रकार आना डोरोथेया थेरबुश (१७२१–१७८२) यांच्याविषयी समाजमाध्यमांवर एक कहाणी वारंवार फिरते. त्या कोणाच्याही आधाराविना चित्रकला शिकल्या, नवऱ्याच्या खानावळीत त्यांची उमेदीची वर्षे गेली, पॅरिसच्या राजेशाही अकादमीने केवळ स्त्री म्हणून त्यांना बाहेर ठेवले आणि कर्जबाजारी होऊन परतल्यावर त्या उपेक्षेत वारल्या, असा तिचा गोषवारा आहे. यातला खानावळीचा भाग बराचसा खरा आहे. उरलेला तपासून पाहिला पाहिजे.

आधार नसल्याचे विधान तर अगदीच टिकत नाही. वडील गेओर्ग लिशेव्स्की हे पोलिश वंशाचे व्यक्तिचित्रकार होते आणि त्यांनीच मुलांना हा व्यवसाय शिकवला. मोठी बहीण आना रोझिना आणि भाऊ क्रिस्टोफ फ्रीडरिश या दोघांनीही जर्मन राजदरबारांसाठी चित्रे काढली. कुटुंबाची कार्यशाळा हीच त्या काळात मुलीला रंगकामाचे रीतसर शिक्षण मिळण्याची मुख्य वाट होती, आणि ती थेरबुश यांना जन्मतःच खुली होती.

१७४२ मध्ये खानावळचालक एर्न्स्ट फ्रीडरिश थेरबुश यांच्याशी विवाह झाल्यावर सुमारे १७६० पर्यंत त्यांचे चित्रकाम जवळपास थांबले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ती वर्षे वाया गेली असे म्हणणाऱ्यांनी पुढचा वेग पाहावा. १७६१ मध्ये त्या श्टुटगार्टला ड्यूक कार्ल ऑयगेन यांच्या दरबारात काम करत होत्या, आणि त्यानंतर मानहाइमचे शासक कार्ल टेओडोर यांनी त्यांना दरबारी चित्रकाराचे पद दिले. चाळिशी ओलांडलेल्या बाईची ही नवी सुरुवात होती.

अकादमीने बाहेर ठेवल्याचा दावा सर्वांत जास्त पसरला आहे आणि तोच सर्वांत चुकीचा आहे. १७६७ मध्ये अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले. त्यासाठी त्यांनी सादर केलेले चित्र मेणबत्तीच्या उजेडात हातात पेला धरलेल्या माणसाचे होते. नाकारले गेले ते ग्रीक-रोमन पुराणकथांतील ज्युपिटर आणि अँटिओपी यांचे चित्र, तेही अकादमीच्या प्रदर्शनासाठी. एक चित्र परत करणे आणि कलावतीलाच बाहेर ठेवणे यांत फरक आहे. अकादमी स्त्रियांशी न्यायाने वागत होती, असा याचा अर्थ मुळीच नाही. नग्न मॉडेल समोर ठेवून रेखाटन शिकवणाऱ्या तिच्या वर्गांत स्त्रियांना प्रवेश नव्हता, आणि १७७० मध्ये स्त्री सदस्यांची संख्या चारवर मर्यादित करण्यात आली. अन्याय होता, मात्र तो या कहाणीत सांगितला जातो तसा नव्हता.

त्यांच्या तथाकथित अपयशाचा पुरावा म्हणून फ्रेंच तत्त्वज्ञ आणि कलासमीक्षक दिदेरो यांचे मत पुढे केले जाते. पॅरिसमध्ये खळबळ उडवण्यासाठी थेरबुश यांच्याकडे प्रतिभेची नव्हे, तर तारुण्य, सौंदर्य, विनय आणि नखरे यांची उणीव होती, अशा आशयाचे त्यांनी १७६७ च्या प्रदर्शनावरील लेखनात म्हटले आहे. हे वाक्य थेरबुश यांच्यावरचा निकाल म्हणून उद्धृत होते, याचे मला आश्चर्य वाटते. त्यातला टोमणा निदान तितकाच पॅरिसच्या कलाविश्वाला लागतो, कारण तिथे चित्रापेक्षा चित्रकर्तीचा चेहरा आधी पाहिला जात होता, हे त्यातून आपोआप उघड होते. शिवाय हेच दिदेरो त्यांच्यापुढे कमरेपर्यंत उघड्या अंगाने बसले होते. ते व्यक्तिचित्र आज हरवले आहे. पॅरिस सोडताना थेरबुश यांच्यावर कर्ज होते हे खरे, पण महागड्या शहरात कर्ज होण्यावरून कलेची किंमत ठरत नाही.

राहिला उपेक्षेचा मुद्दा. बर्लिनला परतल्यावर प्रशियाचे राजे फ्रेडरिक दुसरे यांनी त्यांच्याकडून पौराणिक चित्रे काढून घेतली, आणि रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीन दुसऱ्या यांनी प्रशियाच्या राजघराण्यातील व्यक्तींची चित्रे त्यांच्याकडे मागितली. १७७० च्या दशकात भाऊ क्रिस्टोफ फ्रीडरिश बर्लिनमध्ये त्यांच्यासोबत काम करत होता आणि त्यानंतर उत्तर जर्मनीतील लुडविग्सलुस्टच्या दरबारात रुजू झाला.